छाट

परत आलेल्या खोक्यात टॉवेल होते साडेतीनशे,
काठ उसवलेले, रंग फुटलेले,
आणि तळाशी एक कॅसेट.
स्वीडनच्या कुठल्या गोदामात कुणी ती टाकली,
चुकून की मुद्दाम, कळायला मार्ग नव्हता.
कव्हर झेरॉक्सचं. त्यावर पेनानं खरडलेल्या तीन ओळी,
मधूनच एखाद्या अक्षराच्या डोक्यावर दोन-दोन अनुस्वार,
थंडीनं जवळ सरकलेले.

अंबादास गज्जमनं ती जेवणाच्या सुट्टीत लावली,
अक्कलकोट रोडच्या आमच्या शेडमध्ये.
माग बंद होते, तरी वाटलं कुणीतरी सुरू केले.
कांड्या भरणाऱ्या लसूमबाईंनी भाकरी खाली ठेवली,
"मशीन बिघडली काय रे?"
"न्हाई मावशी," अंबादास म्हणाला,
"बिघडलेलीच पळवायलेत."

गाणं दीड मिनिटात संपलं.
एक शब्द कळला असेल तर शपथ.
फक्त सुरुवातीला एकजण चारदा ओरडायचा,
ते आकडे असणार, एवढं आम्ही ताडलं.
पुढच्या आठवड्यात अंबादासही ओरडला:
ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु.

मुदस्सरनं मांडववाल्या मामाचा भोंगा आणला.
गिटारीला तारा तीन, चौथी सायकलच्या ब्रेकची वायर.
ड्रमवर रेणुका इराबत्ती,
ड्रम म्हणजे रंगाची दोन पिंपं, पत्र्याचं एक झाकण,
आणि मनगटात आईकडून आलेला वेग.
आई दिवसाला हजार विड्या वळायची.
चेकर त्यातल्या शंभर बाजूला सारायचा, छाट म्हणून,
पैसे कापायचा,
आणि विड्याही ठेवून घ्यायचा.
"मग आपलं नाव काय?" मुदस्सरनं विचारलं तेव्हा
रेणुकानं मान वर न करता सांगितलं.

सात गाणी होती आमची.
सगळ्यात लांब 'चौथ्या दिवशी पाणी',
त्यात ओळ एकच, शेवटी बादली आपटायची.
'पीएफ कुठाय' सव्वा मिनिटाचं.
ते चालू असताना मालक एकदा खिडकीशी थांबला,
मीटर बघून गेला.

नगरसेवकाच्या माणसानं पाच हजार दाखवले,
सायबांचा वाढदिवस, टोप्या घालून वाजवा.
पाच हजार म्हणजे तेव्हा माझा चार महिन्यांचा पगार.
मी हो म्हणणार होतो. खोटं कशाला सांगू.
रेणुका म्हणाली, "पाण्याचं गाणं वाजवू देता? मग येतो की बे."
तो 'बे'वरच अडकला,
गाण्यापर्यंत पोचलाच नाही.

शेवटी वाजवलं विडी घरकुलात, एका बोळात.
बत्तीस माणसं, दोन शेळ्या.
तिसऱ्या गाण्याला फ्यूज उडाला.
अंधारात बायका हसत होत्या, आणि कुणीतरी,
कोण ते अजून कळलं नाही,
मांडीवरचं सूप पालथं करून
तोच ठेका धरून राहिलं,
वायरमन येईपर्यंत.

अंबादास सुरतेला गेला. मुदस्सरनं फळांचा गाडा घेतला.
परवा पुतण्यानं त्या कव्हरवर मोबाइल धरला,
तीन ओळींचं मराठी आलं, लंगडत:
विकू नये. नक्कल करणे.
तुला वाजवता येत नाही? आम्हाला पण.
रेणुकाला फोनवर वाचून दाखवलं.
ती सिव्हिलमध्ये रात्रपाळीवर होती.
"मग?" म्हणाली, "हे काय लिहून ठेवायची गोष्ट आहे होय?"
मागं कुणाचं तरी सलाइन संपत आलं होतं, तिनं फोन ठेवला.

एक सांगायचं राहिलं.
सत्त्याण्णवच्या दिवाळीआधीच्या लॉटमध्ये,
पॅकिंगला मीच होतो,
निळ्या टॉवेलांखाली आमची कॅसेट ठेवली.
कव्हरवर अनुस्वार एकेकच.
उत्तर आलं नाही.
तो लॉट पास झाला होता,
परत यायला काही कारणच नव्हतं.