बुधवारची वही

थोरल्या दवाखान्याच्या मागच्या इमारतीत
बुधवारी अकरा वाजता
प्लास्टिकच्या नऊ खुर्च्या गोल मांडतात.
नदाफ मॅडम फळ्यावर आधी आजाराचं नाव लिहितात.
आई ते वाचत नाही,
चपलेत अडकलेला खडा काढत बसते.

आमच्या वाडीच्या तीन पौर्णिमा झाल्या होत्या,
लिंबू, अंगारा, उतारा,
मामानं आणलेलं स्थळसुद्धा
सुपारीपर्यंत आलं होतं.
मॅडम हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत.
म्हणाल्या, देवाला जावा की. गोळी घेऊन जावा.

मी लिहून घेतलं :
झोप मोडू लागली की लगेच कळवणे.
बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करायची नाही.
आईच्या वाढवण्यात चूक नाही.
हे शेवटचं आईनं दोनदा लिहायला लावलं.

अण्णांचा एकच प्रश्न.
उद्यमनगरात तेहतीस वर्षं कास्टिंग घासलेला माणूस,
ग्राइंडरनं दोन्ही कान नेलेले,
त्यामुळे ओरडूनच विचारला :
"पोरगं म्हणतंय गच्चीवर माणसं बोलत्यात.
न्हाई म्हटलं की भांडतंय,
व्हय म्हटलं तर खोटं.
मी म्हणू काय?"

खोली गप्प झाली.
कागलच्या काकूंनी पदर तोंडाला लावला,
त्यांच्याही घराला गच्ची होती.

मॅडम अण्णांच्या कानाशी वाकल्या,
सावकाश, मोठ्यानं :
"म्हणायचं, मला ऐकू येत न्हाई,
खरं तुला येतंय."

आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात.
वहीत उतरवताना पहिल्यांदाच ते मला दिसलं.

पापाच्या तिकटीपासून गंगावेशीपर्यंत
अण्णांचे ओठ हलत होते.

परवा रात्री दोनला
रणधीर जिन्यात उभा,
बनियन घामानं चिकटलेलं, बोट वर.
अण्णा एक पायरी खाली बसले.
"मला तर बाबा कायबी ऐकू येत न्हाई..."
आणि पुढचं विसरले.

रणधीरनं बोट खाली घेतलं.
"तुमास्नी कुकरची शिट्टीबी येत न्हाई, अण्णा."
चौदा महिन्यांनी हसला तो,
अर्ध्या ओठानं.
"न्हाईच येत. खरं तुला येतंय.
आन् भ्या वाटाय लागलंय, त्ये दिसतंय मला."

आवाज काही गेले नाहीत.
दोघं तिथंच बसून राहिले,
खाली कट्ट्यावर म्हशी येईपर्यंत.
मग जाऊन एकेक पेला दूध प्याले,
फेसासकट, उभ्याउभ्या.

दुधाबरोबर गोळी चालते का,
हे येत्या बुधवारी विचारायचं आहे.