विनंती थांबा

नोव्हेंबरात हारस्टाडला दुपारी अडीचलाच दिवे लागतात.
मी बावीस नंबर डेपोत लावते,
डब्यातले चीजचे तुकडे खिशात ओतते
आणि घरून रुस्कला उचलते.
रुस्क म्हणजे आमच्याकडे केरकचरा.
नाव ठेवलं तेव्हा तो बूट खात होता;
नावं ठेवायला मग वेगळा दिवस लागला नाही.

वर्ग भरतो बंद पडलेल्या शाळेच्या व्यायामशाळेत.
भिंतीला अजून चढायच्या शिड्या,
जमिनीवर हँडबॉलच्या पुसट रेषा,
आठ पिल्लं, आठ दोऱ्या, आठ जणांचे ओले बूट,
आणि मधोमध गुडवेगबाई.
तीस वर्षं मेंढ्या राखलेला आवाज.
चढत नाही.
"एकदाच सांगायचं," बाई म्हणतात.
"दुसऱ्यांदा सांगितलंत, की ती विनवणी."

विनवणीत मी तरबेज.
बस, रुस्क. बस ना. अरे बस की. राजा, बसतोस का?
दिवसभर मी बस चालवते,
संध्याकाळी माझं 'बस' चालत नाही.

पहिल्या बुधवारी त्यानं ट्रिग्वेंची लोकरी टोपी उसवली.
दुसऱ्या बुधवारी नारंगी शंकू पळवला, स्वतःहून मोठा,
आणि तो तोंडात धरून असा मिरवला
की शिस्तीतली सातही पिल्लं वरातीत सामील.
तिसऱ्या बुधवारी, गोलकीपर उभा राहतो बरोब्बर तिथे,
पाय वर केला.
बाईंनी पोछा माझ्या हातात दिला.
एकदाच. न बोलता.
ट्रिग्वे म्हणाले, "याचं शेपूट नळीत घालू नका हं,
नळी वाकडी होईल."

चौथ्या बुधवारी बाई म्हणाल्या: दोऱ्या बदला.

रुस्क गेला आस्लाककडे.
तेरा-चौदाचा पोरगा, जॅकेटची चेन नाकापर्यंत ओढलेली,
महिनाभरात त्याचा आवाज मी ऐकला नव्हता.
त्याची काळी पूडल, पेर्ले, माझ्याकडे.
मनात म्हटलं, मेलं बिचारं पोर.

आस्लाक काहीच बोलला नाही.
रेषेवर मांडी घातली,
एक हातमोजा काढून समोर ठेवला
आणि खिडकीबाहेर बघत बसला.
रुस्क दोरी संपेपर्यंत धावला,
हिसका खाऊन परतला,
मोजा हुंगला. फाडला नाही.
स्वतःभोवती दोनदा फिरला
आणि जणू ही कल्पना त्याचीच,
पोराच्या गुडघ्याला टेकून खाली बसला.

माझ्यापुढे पेर्ले आधीच बसलेली होती.
पाठ ताठ, पंजे जुळवलेले,
डोळे माझ्या ओठांवर.
पुढचा शब्द कधी पडतो, याची वाट पाहणारे.
मला एकही सुचेना.
थांब म्हणाले असते तर ती थांबली असती,
दिवे मालवून, कुलूप लावून सगळे गेल्यावरही.
मला धास्तीच वाटली.
माझ्या पाठीमागे रोज चाळीस माणसं बसतात,
त्यातलं एकही असं माझ्याकडे बघत नाही.
मी वाकून तिला चीज दिलं, उगीच,
माफी मागितल्यासारखं.

"परत बदला."
मला बघताच रुस्क सगळं विसरला.
दोरी आस्लाकच्या पायात, मग शिडीत, मग माझ्या गळ्याशी.
पोरगा हसला, चेनच्या वरून, नुसत्या डोळ्यांनी.
मग बोलला. आवाज फुटत होता त्याचा:
"तो ऐकतो.
तुम्ही मध्येच पुन्हा बोलता."

प्रमाणपत्रं सात वाटली गेली.
मला बाईंनी उरलेला शंकू दिला,
तसाही चावलेलाच होता.

टेकडीच्या वळणापलीकडे एक विनंती थांबा आहे.
कुणी हात केला तर गाडी थांबवायची, नाहीतर नाही.
काल सुट्टी होती. बर्फ भुरभुरत होता.
त्या खांबाशी मी त्याला म्हटलं, थांब.
एकदाच.
आणि जीभ दाताखाली धरली.

कान हलला. शेपूट बर्फात पंख्यासारखं फिरलं.
एक श्वास. दोन. तीन.
इतकं शांत, की मला माझंच पोट वाजलेलं ऐकू आलं.
चौथा.

पाचव्याला वळणावर दिवे दिसले
आणि तो भुंकत सुटला, मला ओढत,
थेट बावीस नंबरवर.