काळा कोट

आमच्या गावात बायका चाळिशीच्या आत
काळा कोट घेऊन ठेवत.
सेलमध्ये, मापाला थोडा सैल.
कधी लागेल सांगता येत नसे,
लागेल एवढं नक्की.

सरोवराकाठचे आमचे पुरुष
बेचाळिसाव्या, सेहेचाळिसाव्या वर्षी
करवत बर्चच्या अर्ध्या खोडात अडकवून
दम खायला बसत
आणि उठत नसत.
ऊर्हो तसाच गेला, माझा दीर.
त्याच्या हातमोज्यात अजून ऊब होती,
असं ओइवा सांगायचा, पुन्हा पुन्हा,
ब्रेडवर बोटभर लोणी थापत.

लोणी माझं होतं. लपवून काय करू.
सहा गाई, एक लाकडी पिंप, पंचक्रोशीत नाव.
लापशीच्या मधोमध खळगा करून गोळा सोडायचा,
तो वितळून पिवळा चमकला की
त्याला आम्ही डोळा म्हणतो.
तो डोळा रोज सकाळी ओइवाकडे बघायचा.
मला वाटायचं, प्रेमानं.

मग बहात्तरच्या थंडीत राइली आली,
आरोग्य केंद्राची नर्स,
रक्ताच्या नळ्या काखेत धरून,
वाटेत गोठू नयेत म्हणून.
आठवड्यानं कार्डावर आकडा आला: तीनशे ऐंशी.
"एवढे तर मासे धरले नाहीत मी यंदा,"
ओइवा म्हणाला. कुणी हसलं नाही.
राइलीनं लोण्याच्या भांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"तुझं लोणी चांगलंच आहे, त्यूने," ती म्हणाली,
"त्याच्या नसांत जागा नाही."

त्या रात्री मी खूप भांडले.
कुणाशी, ते आठवत नाही. बहुतेक गाईंशी.

तेलाला कंदिलाचा वास यायचा.
मीठ कमी केलं तर सूप परक्या घरचं लागायचं.
आणि सिगारेट! त्या वसंतात ओइवा
दिवसातून चारदा सौना तापवायला जायचा.
सौना कधी तापला नाही.
धूर यायचा, पण चिमणीतून नाही,
दाराच्या फटीतून.
मी खिडकीत उभी राहून मोजायची.
चारचे तीन झाले, तीनचा एक, मग पुन्हा चार.
शेवटी एका शरदात त्यानं उरलेलं पाकीट
चुलीत टाकलं आणि दोन दिवस
माझ्याशी बोलला नाही,
जणू मीच ते ओढलं होतं.

चार गाई विकल्या.
गोठ्यामागे लिंगनबेरी वाळत घातल्या.
तो स्कीवर टपाल वाटायला लागला, लांबच्या घरांना.
आकडा उतरला,
तीनशे वीसपर्यंत. तिथे अडला.
बापानं रक्तात घालून दिलेलं
राईच्या ब्रेडनं निघत नाही.

पुष्कळ वर्षांनी गोळी आली.
ओइवाला ती हार वाटली.
"मग इतकी वर्षं लोणी कशाला सोडलं?"
राइली तोवर निवृत्त, काठी टेकत आलेली.
म्हणाली, "होडीला वल्ही दोन असतात."
"माझ्या होडीला मोटर आहे," ओइवा म्हणाला,
आणि गोळी गिळली. तोंड मात्र
औषध पाजलेल्या वासरासारखं.

आता नातवाच्या कार्डावरही तोच घराण्याचा आकडा.
ईरो अकरा वर्षांचा.
त्याची गोळी दातांच्या ब्रशशेजारी असते.
त्याला ऊर्हो कोण, हे माहीत आहे.
भीती वाटावी इतकं माहीत नाही.

कोट राहिला.
हिल्यानं एकदा नेला, लेम्पीनं एकदा,
लेम्पीच्या बहिणीनंही.
दरवेळी परत आला तेव्हा खिशात
दुसऱ्याचा रुमाल असायचा.
मी तो फक्त आरशासमोर घातला, दोनदा,
आणि घाईघाईनं काढला.

परवा उघडला तर कोपरापाशी कसर लागलेली.
मी कात्री घेतली.
लोकर अजून जाड होती, अस्सल.
बुटांच्या तळाला बसतील असे
चार तुकडे कापले.

ओइवा एक्क्याऐंशी वर्षांचा आहे.
सकाळी तलावापलीकडे जाऊन आला,
दारात बर्फ झटकला,
म्हणाला, ऊब छान आहे,
डावा जरा घट्ट होतोय.