हशाची जागा

सहा वर्षं, दर शुक्रवारी रात्री आठला
लेस्ली प्रॉबर्ट त्या जिन्यावरून खाली यायचा,
एक बूट पायात, एक हातात,
आणि बायकोला विचारायचा, "गॅसवाला गेला का?"
एवढंच.
यात हसण्यासारखं काय, ते मला आजही सांगता येणार नाही.
पण रॉदरहॅममध्ये माझी आई
विणायच्या सुया थांबवून हसायची,
टाका सुटला तरी.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, याचा सिनेमा करू.
साल बहात्तर. पैसा बेताचा, आठवडे पाच.
अर्ध्या तासाच्या गोष्टीला दीड तासाचं अंग आणायचं कुठून?
नेहमीचा तोडगा: अख्खं बिऱ्हाड स्पेनला धाडा.
स्पेन म्हणजे वेल्सचा किनारा, मार्चमधला.
पोहण्याच्या कपड्यांतल्या पोरी थंडीने निळ्या,
त्यांना तपकिरी रंग फासता फासता
मेकअपवाली करवादली,
"यापेक्षा कुंपण रंगवणं बरं."

घर मात्र खरं घेतलं, ल्यूटनमधलं, भाड्याने.
जिना खरा. वर खोल्याही खऱ्या.
पहिल्याच शॉटला लेस्ली तणतणत वर चढला
आणि नवव्या पायरीवर थांबला.
"पुढे जा ना!" खालून आरोळी.
"पुढे काय आहे?" लेस्ली म्हणाला.
स्टुडिओत नवव्या पायरीनंतर एक फळी होती,
फळीवर थर्मास घेऊन बसलेला सुतार, ऑब्री.
सहा वर्षं संसार केला त्या घरात,
माडी कधी पाहिलीच नव्हती.

मी एडिटरच्या हाताखाली. तेवीस वर्षांची.
कानावर मेणाची पेन्सिल, बोटांना टेपचा चिकटा.
पहिल्या रिळातच दिसलं काय बिनसलंय.
वाक्य संपलं की सगळे थांबत होते,
जेमतेम पापणी लवेल एवढं.
आयव्ही कप उचलायची, न पिता ठेवायची.
लेस्ली बूट या हातातून त्या हातात घ्यायचा.
हशाला जागा ठेवत होते.
स्टुडिओत समोर तीनशे माणसं असायची,
बस भरभरून आणलेली, ओले कोट मांडीवर घेतलेली.
ल्यूटनच्या त्या बैठकीत
समोर फक्त कॅमेरा.

"काढ त्या जागा," मिसेस हॅलोरन म्हणाल्या,
"पडद्यावर थांबलेला माणूस खुळा दिसतो."
मी काढल्या. इथे बारा फ्रेम, तिथे वीस.
गॅसवाल्यानंतरच्या तर अठ्ठेचाळीस.
चिमट्यांना लटकवल्या रांगेने,
वाळत घातलेल्या मोज्यांसारख्या.

नोव्हेंबरात आईला सिनेमाला नेलं.
थिएटरात अकरा माणसं, कोट न काढता बसलेली.
लेस्ली खाली आला. एक बूट पायात, एक हातात.
"गॅसवाला गेला का?"
आई हसली. जुन्या सवयीने, पोटभर, एकटीच.
त्या हसण्याखाली पुढची तीन वाक्यं बुडाली,
नेमकी तीच, ज्यांत सगळं कळत होतं.
तिने वळून विचारलं,
"कुठे निघालेत गं हे?"
त्यानंतर ती जपून बसली,
तोंडावर हातमोजा धरून.

बसथांब्यावर म्हणाली, "वाईट नव्हता."
बस आली, आम्ही चढलो, दोन थांबे गेले.
मग म्हणाली,
"घरी बघताना आपण पुष्कळ जण असायचो."

बाबा जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती.
मी लंडनला.

ते तुकडे कचऱ्यात टाकायचे होते.
बिस्किटांच्या डब्यात घालून मी घरी आणले.
अजून कधी एखादा काढते, दिव्यासमोर धरते:
लेस्ली, बूट हातात, एक भुवई जराशी वर,
बोलून झालंय त्याचं.
नखाएवढ्या चौकटींत, एकाखाली एक,
अठ्ठेचाळीस वेळा
तो वाट बघतो.