प्रश्न चौदा, पोटप्रश्न ‘क’

मडेरात ऑगस्टमध्ये दारं ठोठवायची ती चारनंतर.
त्याआधी सगळे द्राक्षांत असतात.

गॅरेजचं घर केलेलं. दारात बुटांचे सहा जोड,
धुळीनं एकाच रंगाचे झालेले.
एउफेमियाबाई गळ्यातलं ओळखपत्र बघून घाबरल्या.
बहुतेक जण घाबरतात.
मी स्पॅनिशमध्ये सुरुवात केली,
शाळेत शिकलेली, व्याकरणशुद्ध.
त्या नुसत्या हसल्या,
पाहुण्यापुढे पाणी ठेवताना हसतात तसं,
आणि आत हाक मारली.

यारेत्सी आली. इयत्ता सहावी.
हातात अर्धं सोललेलं संत्रं.
“आईला स्पॅनिश बाजारापुरतंच येतं. मला विचारा.”

घरी कोणती भाषा बोलता?
“मिश्तेको.”
स्पेलिंग?
ती आईकडे वळली, आई तिच्याकडे.
त्या भाषेत भांडता येतं, देवाला बोल लावता येतो,
फोनवर आजीजवळ रडता येतं.
लिहायची वेळ कधी आलीच नव्हती.
चौकोनांत मीच काहीतरी बसवलं.

मग ‘क’. आईला इंग्रजी कितपत येतं?
उत्तम. बरं. फारसं नाही. अजिबात नाही.
यारेत्सीनं आईला उलगडून सांगितलं.
दोघींचं बराच वेळ चाललं.
मी पेन उघडून बसले.

“आई विचारते, कुणाशी?”

“मुकादमाचं सगळं कळतं म्हणते.
लवकर. अजून लवकर. उद्या काम नाही.
डॉक्टरीणबाईंचं अक्षर कळत नाही, तिथं मी जाते.
कुत्र्याशी इंग्रजीच. तो आधी शेजारच्यांचा होता.”
मग साल नखानं कुरतडत, आवाज खाली आणून,
“आणि मी नि भाऊ तिला कळू नये म्हणून इंग्रजीत भांडतो ना,
तेव्हा तिला सगळंच कळतं.”

धाकटा चार वर्षांचा.
पाचच्या आतल्यांना भाषा विचारायची नाही, असा नियम आहे.
तेवढ्यात तो पंख्याशी, कोंबडीशी आणि माझ्या पेनाच्या टोपणाशी
तिन्ही भाषांत बोलून मोकळा झाला.

मी ‘फारसं नाही’वर खूण केली.
एउफेमियाबाईंनी ती बोटानं चाचपली,
काहीतरी पुटपुटल्या.
“पास झाले का, म्हणते.”

हो म्हणाले मी. दुसरं काय म्हणणार?
निघताना संत्र्याच्या दोन फोडी हातावर आल्या, कोमट.

गाडीत बसून दिवसाचे कागद मोजले.
उं, दोइश, त्रेश…
माझी आजी तेरसेइरा बेटावरून इथल्या एका गोठेवाल्याशी
फोटोवरून लग्न ठरवून आली होती.
मरेपर्यंत वासरांना त्याच आकड्यांनी मोजायची.
एप्रिलमध्ये हाच कागद माझ्या घरी आला,
तेव्हा मी लिहिलं होतं: फक्त इंग्रजी.

ओंझ. अकरा भरले.
खात्री म्हणून पुन्हा मोजले, इंग्रजीत.
दहाच भरले.