अर्धा बार

वडाळा नाक्यावर इलियास कोकणीनं
वर्तमानपत्रात गुंडाळलेला टर्बो माझ्या हातात ठेवला,
घरच्या झाडाचं रामफळ द्यावं तसा.
"जुना आहे मॅडम, पण शाफ्ट बघा. हलत नाही."
मी बघितला. केसभर हलत होता.
केसभर म्हणजे किती, हे मला विचारू नये,
सातपूरच्या गेज रूममध्ये एकोणीस वर्षं
मी तेवढंच मोजते.

गाडी दोन हजार दोनची. रुपेरी.
दारं चार, पण मन दोन दारांचं.
काटा पाच हजारांच्या पुढे गेला की तिचा आवाज बदलतो,
आणि तुझाही, असं मुलगी म्हणते.
फक्त त्या दिवशी कसाऱ्याच्या चढावर,
एसी चालू, मागे मुलीचं हॉस्टेलचं अख्खं सामान,
शेजारून एक डिझेलची धूड
हॉर्नसुद्धा न वाजवता पुढे गेली.
तेव्हापासून हा हिशेब डोक्यात आहे.

टर्बो. इंटरकूलर. मोठे इंजेक्टर.
नवा क्लच, कारण जुना पहिल्याच आठवड्यात हात जोडेल.
ट्यूनिंगला पुण्याहून येणारा पोरगा,
त्याचं राहणं-जेवण वेगळं.
गाडीची किंमत आज एक लाख दहा.
तिच्या छातीत भरायच्या अर्ध्या बार हवेची,
दोन लाख चाळीस.
आणि नाशिकची हवा मुळातच शंभरात सहा भाग विरळ.
म्हणजे विकत घेणार त्यातली थोडी
मुंबईत फुकट मिळते.

तत्त्व मला नवं नाही.
तांबट आळीत काकांच्या भट्टीचा पंखा मी फिरवायचे.
कोळसा आपल्या मर्जीनं जळतो तोवर लाल,
वारा कोंबला की पांढरा.
एकदा सुट्टीत, कुणीतरी बघतंय म्हणून, जोरात फिरवला.
हंड्याचा काठ वितळून गळाला.
काका काही बोलले नाहीत.
तो हंडा दिवाळीपर्यंत दुकानाच्या पायरीवर होता.

टर्बोत जास्तीचं एवढंच,
की त्याला फिरवायला पुतणी लागत नाही.
इंजिनानं टाकलेला उष्टा श्वासच
त्याचं चाक फिरवतो.

रविवारी इलियासनं स्वतःची गाडी दिली.
पहाटे सव्वापाच, गिरणाऱ्याचा रस्ता,
पुढे द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटचा ट्रॅक्टर.
पाय दाबला.
काही नाही.
काहीच नाही.
मग सीटनं पाठ धरली
आणि ट्रॅक्टर आरशात गेला.
मी हसले. एकटीच, मोठ्यानं. खोटं कशाला बोलू.

पण परत येताना आठवत राहिला
तो मधला दीड सेकंद,
मी हाक मारली होती आणि गाडीनं ऐकलं नव्हतं.
माझी कमी देते, पण हाकेला ओ देते.
हे कारण झालं का? दोन लाख चाळीस वाचवणाऱ्या बाईला
असली कारणं पटकन सुचतात.

म्हणून शेवटी गेज लावला.
गेज मीच तपासलेला, तो माझं मन राखणार नाही.
पहिला सिलिंडर एकशे ऐंशी. दुसरा एकशे अठ्ठ्याहत्तर.
चौथा एकशे ऐंशी.
तिसरा एकशे अठ्ठावीस.
इलियासनं पुन्हा स्टार्टर मारला. एकशे अठ्ठावीस.
मग त्यानं थोडं तेल सोडलं. काटा चढला.
"रिंगा," तो म्हणाला,
आणि कापडाला हात पुसत राहिला,
हात स्वच्छ झाल्यावरही.

आहे तोच श्वास गळत होता,
आणि मी वरून फुंकायला निघाले होते.

आता इंजिन उघडलंय. रिंगा, सील, क्लच, चार टायर.
जेवढी होती तेवढी होईल, जास्त नाही.
"टर्बो परत घेऊ?" इलियासनं विचारलं.
मी म्हटलं, असू दे.

घरी तो फ्रिजवर आहे, वर्तमानपत्रासकट.
रात्री पाणी प्यायला उठले की
खाली घेते, तोंडाशी धरते, हळूच फुंकते.
चाक फिरतं.
किती वेळ, ते मोजते.
काल अकरा सेकंद.