जवळ

दिवाळ्याच्या जेट्टीवर पहाटे
मी कोलंबीचा वाटा लावून घेते तेव्हा
मितेश आतल्या खोलीत झोपलेला असतो.
दार लावलेलं, खिडकी लावलेली,
दाराखालच्या फटीत जुनं लुगडं कोंबलेलं,
वारा खाडीकडून आला तर म्हणून.

तीन वर्षांचा होता.
जाऊबाईंनी तव्यावर जवळा भाजायला घेतला,
यानं तोंडातसुद्धा घातला नव्हता.
आधी ओठ सुजले, मग पाठीवर गांधी,
मग छातीतून तो आवाज,
शिट्टीत पाणी शिरल्यासारखा.
नजर लागली, म्हणाल्या.
मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या,
त्या धुराने पोर आणखीच दमलं.

नेरूळच्या डॉक्टरीणबाईंनी
केसपेपरच्या पाठीमागे दोन गोल काढले.
एकात पोट, एकात फुप्फुसं.
दमा आहे म्हणून ॲलर्जी जास्त भारी पडते, म्हणाल्या,
दोघं शेजारी आहेत असं समजा,
एकाच्या घरात आग लागली की…
मी म्हटलं, कळलं बाई,
आमच्या गावात भिंतीला भिंत असते.

मग विचारलं, घरात कोलंबी बंद करता येईल?
मी बांगड्या पदराखाली घेतल्या.
वास तिला आधीच आला असणार.

आता चूल मागच्या पडवीत.
सुकट जावेच्या माळ्यावर.
नवरा होडीवरचे कपडे होडीवरच सोडून येतो,
लोक हसतात, हसू देत.
नि मी, टोपली रिकामी झाली की
सरळ मोरीत.
लिंबू, बेसन, साबण, परत साबण,
नखांतली साल काडीने काढायची,
बांगड्या बाहेर खिळ्याला.
जवळा निवडलेल्या हातांना
लेकराच्या जवळ जायला
अर्धा तास लागतो.

तोवर तो उंबऱ्यापलीकडे उभा,
निळा पंप खिशात,
शाळेतलं सगळं तिथूनच सांगतो.
झालं का गं?
थांब, केस राहिलेत.

आज निबंध होता, माझी आई.
पाठ आहे त्याला, तरी वही उघडून धरली :
माझी आई मासे विकते.
माझ्या आईला साबणाचा वास येतो.
बाईंनी दोन ओळींच्या मधे
लाल प्रश्नचिन्ह काढलंय.

बघ ना, म्हणून वही पुढे केली.
माझे हात अजून तसेच.
म्हटलं, तिथूनच वाच पुढचं.
सावकाश वाच.
दम लागला तर थांब,
मी काही कुठं जात नाही.